मुकादमाची गाडी

पाथरीच्या बसस्थानकात वाहतूक नियंत्रकाच्या खोलीत बसून महारुद्र दिवसभर माइकवरून गाड्या पुकारायचा. आवाज जाड, बोलणं तुटक. मानवत, सेलू, सोनपेठ, परभणी ही नावं तो अशी घ्यायचा, की तिकडं जाणाऱ्याला वाटावं आपल्या हातून काहीतरी चूक झाली आहे. खोलीच्या खिडकीतून फाटकाबाहेरचा रस्ता दिसायचा. तिथं जीपवाले उभे राहून त्याच्या स्थानकातली माणसं ओढून न्यायचे. मागच्या पायरीवर माणसं लटकवून एखादी जीप निघाली, की महारुद्र शेजारी बसलेल्या धम्मानंदला म्हणायचा, "बघ. खाटकाकडं चाललेल्या कोंबड्यासुद्धा याच्यापेक्षा ऐसपैस बसत्यात." धम्मानंद त्याचा जुना दोस्त, त्याच आगारात कंडक्टर. तो नुसती मान हलवायचा. महारुद्रला दाद दिली की तो आणखी तासभर बोलतो, हे त्याला ठाऊक होतं.

जीपवाल्यांवरचा राग तसा साधा होता. तीही पोटामागं धावणारी माणसं. खरी तुच्छता त्यानं राखून ठेवली होती ती मोठ्या पांढऱ्या गाड्यांसाठी. अख्खं कुटुंब मावेल एवढी गाडी, आणि आत एकटा गॉगलवाला. मागच्या काचेवर नाव, नावापुढं दादा नाहीतर साहेब. ती गाडी नेमकी स्थानकाच्या फाटकात आडवी लागायची आणि साहेब पानटपरीवर. एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमायचा. मग महारुद्र माइक जवळ ओढायचा. "पांढऱ्या गाडीचे मालक, गाडी काढून घ्या. फाटक तुमच्या वडिलांनी बांधलेलं असल्यास तसा पुरावा नियंत्रकाकडं आणून दाखवा." अख्खं स्थानक हसायचं. यावरून त्याला वरून समजही मिळाली होती. ती त्यानं शांतपणे ऐकून घेतली आणि पुढच्याच आठवड्यात पुन्हा तेच केलं.

अशा माणसाला त्याच्या बायकोनं एका संध्याकाळी ताटावर सांगितलं, की आपण एक मोठी गाडी घेऊ. जुनी चालेल, पण मोठी.

बायकोचं नाव शिवकन्या. ती परभणीत वाढलेली. बाप बँकेत शिपाई, घर पक्कं, डोक्यावर कायम स्लॅब. मोकळ्यावर झोपणं म्हणजे काय हे तिनं कधी भोगलं नव्हतं, म्हणूनच बहुतेक तिला त्याची एवढी ओढ लागली. पाथरीत ती शिवणाचा क्लास चालवायची. मागं तिच्या भावानं पुण्याहून एक तंबू आणून दिला. तो घेऊन ती दोन्ही मुलींसोबत येलदरीच्या धरणाकाठी एक मुक्काम करून आली आणि तिघींना वेडच लागलं. थोरली नववीला, धाकटी सातवीला. घरात दिवसभर एकमेकींच्या झिंज्या ओढणाऱ्या त्या दोघी तिथं शेजारी बसून गुमान पाण्याकडं बघत राहिल्या. शिवकन्येला तेवढं कारण पुरलं. मग भाड्याची जीप करून त्या पुन्हा गेल्या. पुन्हा गेल्या.

महारुद्र एकदाही गेला नाही. ड्युटी आहे म्हणायचा. ड्युटी नसली तर मागून घ्यायचा.

त्याच्या न जाण्याला कारण होतं, पण ते त्याला साधेपणानं कधी सांगताच आलं नाही. तो ते हिणवून सांगायचा. "पालात राहायला चाल्ल्या बगा. माज आलाय लोकायला. आमी जल्मभर त्यातून भाईर पडायला धडपडलो, अन् ह्या पैसे घालून आत चाल्ल्या." महारुद्रचे आईबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की टोळी ट्रकमध्ये बसायची आणि पश्चिमेकडच्या कुठल्यातरी कारखान्याच्या हद्दीत जाऊन उतरायची. फडाशेजारी उसाचं पाचट आणि चटई लावून कोपी उभी करायची. वाकून आत, वाकून बाहेर. पोरानं ताठ उभं राहायचं ते उन्हाळ्यात गावी परतल्यावर. थंडीत पाचटातून दव ठिबकायचं, चुलीच्या धुरानं डोळे कायम लाल. वर्गात त्याच्या अंगाला धुराचा वास येतो म्हणून पोरं बाकावर सरकून बसायची. त्या वासापासून लांब जाण्यासाठीच तो शिकला, असं म्हटलं तरी चालेल.

आणि तो जन्मला तो तर कोपीतसुद्धा नाही. त्याचा बाप सांगायचा, तानुबाईला, म्हणजे महारुद्रच्या आईला, फडातच कळा सुरू झाल्या. दवाखाना लांब. टोळी नेणाऱ्या मुकादमाची जीप बांधावर उभी होती, शिटांना नवी कव्हरं घातलेली. बाप पाया पडला. मुकादम म्हणाला, "गाडी घाण होईल." दुसरं काही बोललाच नाही. मग बैलगाडीत उसाच्या मोळ्यांवर तिला झोपवलं, आणि पोर अर्ध्या वाटेत, उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, वाढ्यावर जन्माला आलं. बापानं पुढच्याच हंगामात टोळी बदलली, पण ही गोष्ट मरेपर्यंत सांगितली. तानुबाईनं एकदाही नाही. महारुद्रनं मात्र ती अशी जपली, जशी दुसऱ्या घरात माणसं जमिनीची कागदपत्रं जपतात. आयुष्यात ज्यांना ज्यांना त्यानं तुच्छ लेखलं, त्या सगळ्यांचं तोंड त्याला त्या न बघितलेल्या मुकादमासारखं दिसायचं.

तरी गाडीची गोष्ट पुढं सरकली, ती माशांच्या टेम्पोमुळं. त्या डिसेंबरात शिवकन्या आणि मुली येलदरीला गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायला येतो म्हणालेला जीपवाला आलाच नाही. त्याला जिंतूरहून लग्नाचं भाडं लागलं होतं. फोनही बंद. तिघी सामान गोळा करून दुपार टळेपर्यंत उन्हात बसल्या. पाणी संपलं, धाकटीला उलट्या झाल्या. शेवटी धरणावरच्या एका मासेवाल्यानं दया येऊन त्यांना टेम्पोत बर्फाच्या खोक्यांवर बसवून जिंतूरला सोडलं. त्या पाथरीला उतरल्या तेव्हा महारुद्र माइकवर होता. समोरून आपल्या पोरी चिखलमासळीचा वास मारत, पोतं ओढल्यासारखा तंबू ओढत येताना त्यानं पाहिल्या. मानवत गाडीचं नाव घेता घेता तो मध्येच थांबला.

घरी आल्यावर तो म्हणाला, "जायाचं बंद करा."

"जायाचं बंद न्हाई होत," शिवकन्या म्हणाली. ती रागावली की अगदी हळू बोलायची. "तुमी आमच्यासंग येत न्हाई, आमाला गाडी भेटत न्हाई, अन् वरून बंद करा म्हणताव. पोरींनी काय फक्त तुमचा माइक ऐकत ऱ्हावं का?"

ताटावरच्या भाकरीचा तुकडा तो बराच वेळ मोडत राहिला. मग म्हणाला, "अशी गाडी पाहिजे की जिथं नेली तिथून परत आणील. बाकी काय कौतुक नको मला."

"अन् आत्याबाईंना पाय पसरून झोपता आलं पायजे," शिवकन्या म्हणाली. आत्याबाई म्हणजे तानुबाई. तिचे गुडघे गेले होते, जमिनीवर बसवत नव्हतं, आणि तिला एकटीला घरी ठेवून जायला शिवकन्येचं मन घेत नव्हतं. म्हणून मोठी गाडी.

महारुद्र जुन्या गाड्या बघायला लागला आणि त्याच्या तुच्छतेला नवं कुरण मिळालं. परभणीत वसमत रस्त्याला एक विक्रीवाला होता. ओळीनं धुतलेल्या गाड्या, प्रत्येकीच्या आत उदबत्ती, उदबत्तीच्या वासाखाली ओल्या गालिचाचा वास. विक्रीवाल्याचा एक डोळा सुजून लाल झालेला. पहिल्या गाडीवर हात ठेवून तो म्हणाला, "डॉक्टरची गाडी हाय, साहेब. घर ते दवाखाना, एवढीच चालली." दुसरीही डॉक्टरची निघाली. तिसरी डॉक्टरीणबाईंची.

"परभणीत एवढे डॉक्टर असते," महारुद्र म्हणाला, "तर तुमच्या डोळ्याला कुनीतरी औषध दिलं असतं." दाराच्या रबराखाली बोट घालून त्यानं वाळलेला गाळ काढला आणि विक्रीवाल्याच्या टेबलावर ठेवला. "डॉक्टर पुरात पोहायला जायचे का गाडी घेऊन?"

मानवतला एका होऊ घातलेल्या पुढाऱ्याची गाडी होती. वय तिशीच्या आत, दाढी कोरलेली, आजूबाजूला हसायला ठेवलेली चार माणसं. त्याला गाडीपेक्षा गाडीच्या टपातल्या भोकाचं कौतुक जास्त. "यातून मी मिरवणुकीत उभा ऱ्हायचो, काका."

"अन् पाऊस आला की?"

"पावसात आपण मिरवणूक काढत न्हाई."

हसणारी माणसं हसली. महारुद्रनं टपाकडं बघितलं, मग त्या तरुणाकडं, आणि त्याला दोघांत फारसा फरक दिसला नाही. परतताना बसमध्ये तो धम्मानंदला म्हणाला, "याच्या गाडीत पोरीला झोपवायचं? सकाळी उठून ती घोषणा द्यायची."

शेवटी धम्मानंदनंच एक गाडी शोधली. सोनपेठच्या अलीकडं एका गावात, एकच मालक, घरचीच, गिऱ्हाईक लागत नाही कारण गाडी फार मोठी. दोघं धम्मानंदच्या मोटारसायकलवर गेले. गावाच्या तोंडाशीच दुमजली घर, भिंतीला बाथरूमच्या फरश्या, फाटकावर सिमेंटचे दोन सिंह. एका सिंहाची शेपटी तुटलेली. फाटकावरची पाटी वाचून महारुद्र मोटारसायकलवरच बसून राहिला. दिनकरराव मुकादम. बापाच्या तोंडून हजारदा ऐकलेलं नाव.

"काय झालं?" धम्मानंदनं विचारलं.

"काय न्हाई. घर बगायलाय. पैसा असला की माणूस भाईरच्या भिंतीलासुद्धा संडासाच्या फरश्या लावतो."

मुकादमाचा मुलगा आबासाहेब बाहेर आला. महारुद्रच्याच वयाचा, पोट सुटलेला, पांढरी पँट. त्यानं महारुद्रचं गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि लगेच त्याची जीभ 'तुमी'वरून 'तू'वर घसरली. "मंग तुमी आमच्याच टोळीतले की. तुझा बाप असंल आमच्याकडं. आता काय टोळ्या ऱ्हायल्या न्हाईत रे. मशीन आल्यात ऊस तोडायला. मशीन आगाऊ उचल घेऊन पळून जात न्हाई." तो आपल्याच बोलण्यावर हसला.

पत्र्याच्या शेडमध्ये, कव्हराखाली गाडी उभी होती. पांढरी. धम्मानंदनं आगारातला एक मेकॅनिक आधीच बोलावून ठेवला होता, तो आला आणि खाली शिरला. वर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. गाडी चालवून बघितली. इंजिन कुरकुर न करता उठलं, चढावर दम लागला नाही, ब्रेक जागच्या जागी. मागच्या शिटा पाडल्या की एक माणूस ऐसपैस झोपेल एवढी जागा. महिनाभर गाड्यांत खोट काढणाऱ्या महारुद्रनं या गाडीतही खोट शोधली आणि त्याला ती सापडली नाही. याचा त्याला इतका राग आला, की त्यानं दार जोरात आपटलं. तेही नीट बसलं.

ओसरीवर बाजेवर एक म्हातारा पडला होता. डोळ्यांत मोतीबिंदू, अंगावर रग. त्यानं आवाज दिला, "कोन हाय रं?"

महारुद्र ओसरीची पायरी चढला. आयुष्यभर ज्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, तो माणूस हा होता. हडकुळी मान, तोंडाला लाळ. काय बोलायचं हे त्यानं लहानपणापासून ठरवून ठेवलं होतं. लांबलचक होतं ते. तोंडातून निघालं एवढंच, "तानुबाईचा पोरगा."

"कोन तानुबाई?"

"तुमच्या टोळीत व्हती. फडात कळा लागल्या तवा बापानं जीप मागितली व्हती तुमाला. तुमी दिली न्हाई."

म्हाताऱ्यानं पांढरे डोळे वर करून आठवायचा प्रयत्न केला. खरोखर केला, हे महारुद्रला दिसलं, आणि तेच त्याला सहन झालं नाही. बऱ्याच वेळानं म्हातारा म्हणाला, "लय जन मागायचे जीप." मग कूस वळवून त्यानं सुनेला चहाची हाक मारली.



घरी तानुबाई बाजेवर बसून तूर निवडत होती. शिवकन्या क्लासला गेली होती. महारुद्रनं आईला सगळं सांगितलं. कुणाची गाडी ते, म्हातारा काय म्हणाला ते. गाडी घेणार नाही, हेही सांगितलं. तानुबाईचा हात सुपात फिरत राहिला.

"त्याला माझं नाव आठवलं न्हाई म्हून तुला राग आलाय?"

"तुला येत न्हाई?"

"मला तरी कुटं त्याचं त्वांड आठवतंय," तानुबाई म्हणाली. "चावल्यालं कुत्रं कोन ध्यानात ठिवतं, बाबा. सुई टोचून घेतली, चिंधी बांदली, कामाला लागले." तिनं एक खडा वेचून बाहेर फेकला. "तुझ्या बापाला दुसरं काय सांगायला नव्हतं, म्हून तो तेच सांगत बसला. गाडी चांगली हाय का?"

"हाय."

"मंग घी. पन आपुन जायाचं न्हाई तिकडं पुन्हा. त्याच्या पोराला म्हन, दारात आनून दाव. म्हातारीला बसवून बगायचं हाय म्हन."

आबासाहेब आला. यायचं त्याच्या जिवावर आलं होतं, पण हातचं गिऱ्हाईक जाऊ द्यायचं नव्हतं. त्या बोळात ती गाडी एवढी मोठी दिसली, की शेजारचे लोक 'निवडणूक लागली का' म्हणून बाहेर आले. तानुबाई तयारच होती. परसातल्या भाजीला पाणी घालून तशीच निघाली, चपला चिखलानं भरलेल्या. गुडघा धरत, शिवकन्येच्या खांद्यावर भार देत ती मागच्या शिटावर चढली.

"पाय झटकून बस जरा, म्हातारे," आबासाहेब आरशातून म्हणाला. "गाडी खराब होईल."

पुढं महारुद्र बसला होता. तो वळला. पण तानुबाईचा आवाज त्याच्या आधी आला, भाजीवाल्याशी बोलावं तसा.

"न्हाई झटकत. इकायची हाय ना तुला? मंग बस गप अन् चालीव."

ढालेगावच्या बंधाऱ्यापर्यंत तिनं त्याला गाडी चालवायला लावली. खड्डा आला की "बगून, बगून" म्हणायची. रस्त्यात बोरं विकणारी दिसली तेव्हा गाडी थांबवली आणि आबासाहेबालाच खाली उतरवलं. बोरं खात, बिया मुठीत जमवत ती खिडकीतून गोदावरी बघत राहिली. बंधाऱ्यावर तिला मोकळ्या हवेत उभं राहायचं होतं, म्हणून आबासाहेबानं दार उघडून धरलं. तिनं त्याच्या हातात बिया दिल्या. त्याला त्यांचं काय करावं ते कळेना.

महारुद्रला वाटलं होतं, हे बघून आपल्या पोटात थंड वाटेल. तसं काही झालं नाही. बंधाऱ्याच्या कठड्याशी पांढऱ्या पँटीतला, घामेजलेला, मुठीत बोरांच्या बिया धरलेला तो माणूस त्याला अगदी किरकोळ दिसला. कुठल्याही स्थानकात कुठल्याही टपरीवर दिसतो तसा. एवढ्याशा वस्तूसाठी आपण एवढा मोठा राग एवढी वर्षं पोसला, याची त्याला किळस आली, आणि ती किळस मुकादमापेक्षा स्वतःचीच जास्त होती.

गाडी घेतली. पहिल्याच रविवारी त्यानं मागच्या काचेवरचं 'आबासाहेब' हे नाव गरम पाणी आणि ब्लेडच्या पात्यानं खरवडून काढलं. ते पुरतं निघालं नाही. ऊन पडलं की 'साहेब' पुसटसं दिसायचं. आगारात सगळ्यांनी त्याला 'मुकादम' म्हणायला सुरुवात केली. तो कुणाशीच भांडला नाही. फक्त पांढरी गाडी फाटकात लागली की माइकवर पूर्वीपेक्षा जास्त विषारी बोलायचा, म्हणजे लोकांना शंका नको.

जानेवारीत सगळे येलदरीला गेले. आता महारुद्रला कारण उरलं नव्हतं. गाडी दुसऱ्या कुणाला चालवता येत नव्हती. सेलू, जिंतूर ओलांडून गाडी कुरकुर न करता धरणावर पोहोचली. पाणी दूरवर पसरलेलं, काठावर हरभऱ्याची शेतं. थोड्या अंतरावर शहरातून आलेल्या पोरांनी तंबूला रंगीत दिव्यांच्या माळा लावल्या होत्या. "लग्न हाय का कुनाचं?" महारुद्रनं मोठ्यानं विचारलं. शिवकन्येनं डोळे वटारले.

तिनं आणि मुलींनी भराभरा तंबू उभा केला. मग तिनं तीन दगड मांडून चूल केली, काटक्या पेटवल्या. गॅसची शेगडी गाडीत होतीच, पण चुलीवरच्या भाकरीची गोडी वेगळी, असं ती म्हणाली. तानुबाई गाडीतून बघत होती. तिनं काच अर्धी खाली केली.

"गॅस असून धूर खायलीस व्हय? हौस म्हनायची का खूळ?" आणि धूर आत यायला लागला तशी तिनं काच वर केली. ती त्या गाडीतून संध्याकाळपर्यंत उतरलीच नाही. जेवण आतच. शिटा पाडून, दोन गोधड्या टाकून, पाय लांब करून ती झोपली ती सकाळीच उठली. तंबूकडं तिनं एकदा बघितलं, जसं शेजारणीच्या वाया गेलेल्या पोराकडं बघतात.

सकाळी महारुद्र प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चहा घेत बसला होता. पाठ अवघडलेली, तो ड्रायव्हरच्या शिटावर बसूनच झोपला होता. थोरली दवानं भिजलेल्या गवतातून चालत त्याच्यापाशी आली.

"पप्पा, मम्मी म्हणते तुमाला कोपी बांधता येते. आमाला शिकवा ना. इथं बांधू एक."

त्यानं तिच्याकडं बघितलं. तिच्या गुडघ्याला माती लागली होती, डोळ्यांत झोप आणि उत्साह. ती थट्टा करत नव्हती. तो पटकन काहीतरी टोचरं बोलणार होता, ते जिभेवर आलंही होतं.

"न्हाई," तो म्हणाला. "ती शिकायची गोष्ट न्हाई."

"का?"

"ती बांधायची येळ कुनावर येऊ नये म्हून मी शाळा शिकलो. अन् तुला शिकवू?" त्याचा आवाज वर गेला नाही. थोरली खाली बसली आणि त्याच्या कपातला उरलेला चहा पिऊन टाकला. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. धरणात कुणीतरी जाळं टाकत होतं, ते दोघं बघत बसले.

जेवायच्या वेळी तानुबाईनं गाडीतून निकाल दिला. "मी येत जाईन. गाडी बरी हाय. पन पुढच्या बारीला जिथं गादी असंल तिथं न्या. अन् नळाला गरम पानी."

शिवकन्या भांडली. दोन महिने या गोष्टीवर घरात धुसफूस चालली. महारुद्र यावेळी आईच्या बाजूनं अगदी उघड उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा त्याला तुच्छतेत जोडीदार मिळाला होता. शेवटी मार्चमध्ये लोणारला जायचं ठरलं तेव्हा तडजोड झाली. तिथं एक लॉज होता, लॉजला मोकळं आवार, आणि मालकाला तंबू लावायला हरकत नव्हती.

शिवकन्या आणि मुलींनी आवारात तंबू ठोकला. महारुद्र आणि तानुबाईनं खोली घेतली. मधोमध गाडी. मालकानं विचारलं, तंबूतल्या बाया कोण? "नात्यातल्याच हायेत," तानुबाई म्हणाली, "त्यायला भिताडं सोसत न्हाईत."

सकाळी खोलीचं दार वाजलं. बाहेर शिवकन्या उभी होती, केस दवानं चिकटलेले, शालीला गवताच्या काड्या, हातात रिकामी बादली. महारुद्र दात घासत होता. तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून त्यानं तोंडातला फेस थुंकला.

"या," तो म्हणाला. "गरम पाणी मागायला माणसं शेवटी भिताडाकडंच येतात."

"पोरी लय खूश हायेत," शिवकन्या म्हणाली. "सरोवरावर मोर आलेत. बघायचं असंल तर या, न्हाईतर घासा दात."

ती बादली पुढं करून उभी राहिली. त्यानं ती घेतली, नळाखाली लावली, आणि पाणी गरम येईपर्यंत बोट धारेखाली धरून वाट बघत बसला. बादली भरली तशी त्यानं ती स्वतःच उचलली, पायात चपला सरकवल्या आणि तंबूकडं निघाला. तंबूत तो शिरला नाही. बाहेरच बादली ठेवली आणि पोरींना हाक मारून विचारलं, कुठल्या बाजूला आहेत ते मोर.